दुसऱ्यांदा कोण येणार?

रेल्वेच्या घरात वाढलेल्या भुसावळच्या पोराला सुट्टी म्हणजे पास. वर्षाचे ठरावीक पास, त्यात बसतील तेवढी गावं, आणि गाडीतून उतरल्यावर खिशाचा हिशेब. प्रवास फुकट म्हणून आम्ही लांब लांब जायचो आणि मुक्कामाला पैसे पडतात म्हणून लवकर परतायचो. घरी आलं की आप्पांचा एक प्रश्न ठरलेला असायचा: "पुन्हा जाशीन का तठी?" पुरीला हो म्हणालो होतो. हरिद्वारला आईनंच हो म्हणून टाकलं. मनमाडला गाडी बदलून सिकंदराबादला गेलो, रामोजी फिल्म सिटी पाहून आलो, तेव्हा मात्र मी जरा अडखळलो. मजा आली होती, पण सगळं पाहून झालं होतं. आप्पा म्हणाले, "मंग त्यायचं कसं चालीन?"

सिनेमाच्या नावानं उभ्या राहणाऱ्या, किंवा नुसत्याच जाहीर होणाऱ्या करमणूक नगऱ्यांबद्दल जगभर जे अहवाल लिहिले जातात, त्या सगळ्यांत मुळात हाच प्रश्न असतो. अहवालात तो जड भाषेत असतो एवढंच.

रामोजीचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली आणि सुमारे १,६६६ एकरांवर पसरलेली ही जागा मुळात कारखाना आहे. तिथं चित्रपट, मालिका आणि जाहिराती बनतात. शूटिंगचं भाडं येतं, हॉटेलं चालतात, लग्नं आणि कंपन्यांच्या बैठका होतात. आमच्यासारखे तिकीट काढून आलेले पाहुणे म्हणजे त्या धंद्यावरची साय. आम्ही दुसऱ्यांदा गेलो नाही तरी कॅमेरा दुसऱ्या दिवशी फिरतोच.

कारखाना नसतो, फक्त साय विकायची असते, तिथं पंचाईत होते.

युरोपात अशी पंचाईत गेली चाळीसेक वर्षं वारंवार पाहायला मिळते. फ्रान्समध्ये १९८७ साली पॅरिसजवळ मिरापोलिस नावाचं मोठं उद्यान उघडलं आणि १९९१ मध्ये बंदही पडलं. त्यानंतर वर्षभरात, १२ एप्रिल १९९२ रोजी, पॅरिसच्या पूर्वेला मार्न-ला-व्हॅलेत डिस्नेनं आपलं युरोपातलं पहिलं उद्यान उघडलं. तिथल्या बुद्धिजीवींनी त्याला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हटलं, आणि ही शिवी जगभर गाजली. पण डिस्नेला रडवलं ते या शिवीनं नव्हे, हिशेबानं. लोक आले, भरपूर आले. पण हॉटेलांत अपेक्षेएवढे राहिले नाहीत, आत खर्चही कमी केला, आणि कर्जाचं व्याज मात्र रोज चढत राहिलं. फ्रेंच माणसाला जेवताना वाइन न देण्याचा अमेरिकी हट्ट १९९३ मध्ये सोडावा लागला. त्या वर्षीचा तोटा सुमारे ५.३ अब्ज फ्रँक होता. १९९४ मध्ये कर्जाची फेरमांडणी झाली, सौदी राजपुत्र अल-वलीद यांचा पैसा आला, आणि खुद्द डिस्नेला काही वर्षं आपली रॉयल्टी सोडावी लागली.

त्याच १९९४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. रेल्वेगावातला असल्यामुळे मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. उद्यानाच्या दारातच टीजीव्ही या वेगवान गाडीचं स्टेशन सुरू झालं. पॅरिसची उपनगरी गाडी तर उद्घाटनाच्या आधीच तिथपर्यंत आणली होती. आज ते उद्यान युरोपातलं सर्वाधिक गर्दीचं मानलं जातं. सगळं श्रेय मिकी माउसला देणारे देवोत बापडे. माझ्या मते निम्मं त्या फलाटांचं आहे, आणि उरलेल्यातलं बरंचसं पॅरिसचं. पॅरिसला माणूस तसाही येतो. एक दिवस पोरांसाठी काढतो.

आता सिनेमाच्या नावाचा भाग. स्पेनमध्ये मुर्सिया प्रांतातल्या अल्हामा गावाजवळ पॅरामाउंटच्या नावानं उद्यान व्हायचं होतं. २०१२ मध्ये कोनशिला बसली, थोडी माती हलली, उद्यान आजतागायत उघडलं नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंट परगण्यात, थेम्सच्या काठी स्वान्सकम इथल्या जुन्या सिमेंट उद्योगाच्या जागेवर, पुन्हा पॅरामाउंटचंच नाव घेऊन 'लंडन रिसॉर्ट' जाहीर झालं. उघडण्याची तारीख आधी २०१८ होती. मग ती पुढं सरकत सरकत २०२४ वर गेली. दरम्यान पॅरामाउंट बाहेर पडलं आणि परतही आलं. शेवटी २०२१ मध्ये ती पडीक जमीन निसर्गसंरक्षणाखाली गेली. कारणांपैकी एक होता उड्या मारणारा इवलासा कोळी, जो ब्रिटनमध्ये दोनच ठिकाणी सापडतो. २०२२ च्या मार्चमध्ये परवानगीचा अर्ज मागं घेतला गेला. वर्तमानपत्रांना कोळी फार आवडला. पण दहा वर्षांत जिथं पाळण्याचा एक खांबही उभा राहिला नाही, तिथं कोळ्यावर खापर फोडणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

मुर्सिया आणि स्वान्सकम या दोन्ही ठिकाणी सिनेमा कंपनीनं काय दिलं होतं? नाव. अशा करारात कंपनी आपल्या चित्रपटांची नावं, पात्रं आणि चिन्हं वापरू देते आणि बदल्यात रॉयल्टी घेते. जमीन दुसऱ्याची, कर्ज तिसऱ्याचं, रस्ता सरकारचा. उद्यान चाललं तर कंपनीला वाटा मिळतो, बुडालं तर तिच्या ताळेबंदावर ओरखडाही उठत नाही. म्हणून घोषणा स्वस्तात होते. आणि घोषणा झाली की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो, हे खानदेशातल्या माणसाला शिकवायला नको. आपल्याकडं नुसत्या चौपदरी रस्त्याच्या बातमीवर सातबारे हातोहात फिरतात.

जर्मनीतल्या बोट्रोप गावाची कथा जरा वेगळी. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख, दाट वस्तीचा. तिथल्या एकाच जागेवर आधी एक परीकथांचं उद्यान होतं, मग १९९२ मध्ये बव्हेरिया फिल्म कंपनीचं झालं आणि दोन हंगामांत आटोपलं, मग १९९६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं मोठा खर्च करून आपलं उघडलं, आणि २००४ मध्ये तेही विकून निघून गेले. पाट्या बदलल्या. उद्यान 'मूव्ही पार्क जर्मनी' या नावानं आजही चालतं, कारण रूरच्या त्या खोऱ्यात काही लाख कुटुंबं राहतात आणि त्यांना रविवारी कुठंतरी जायचं असतं. ससा वॉर्नरचा की आणखी कुणाचा, याची त्यांना फारशी पडलेली नसते.

इथं थोडा यंत्राचा हिशेब मांडावा लागेल. तो कळला नाही तर बाकीचं सगळं नशिबावर ढकललं जातं.

समजा एक रोलर कोस्टर आहे. गाडीत २४ जण बसतात, दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ७२०, नऊ तासांत ६,४८०, तेही एकदाही खोळंबा न होता. त्या दिवशी दहा हजार माणसं आली तर साडेतीन हजार जणांना एकदाही बसायला मिळणार नाही, आणि ती घरी जाऊन शिव्या देतील. म्हणून आणखी पाळणे हवेत, आणखी मोठे. पण दिवाळीनंतरच्या एखाद्या मंगळवारी एक हजारच माणसं आली, तरी तोच कोस्टर त्याच ऑपरेटरनं, त्याच तपासणीनं, त्याच विजेवर चालवावा लागतो. सकाळी रिकाम्या गाडीच्या फेऱ्या मारून बोल्ट तपासायचे ते तपासायचेच. म्हणून नियोजन करणारे सर्वाधिक गर्दीचा दिवस धरत नाहीत आणि सरासरीचाही धरत नाहीत; मोसमातले डझन-दीड डझन अतिगर्दीचे दिवस सोडून त्याच्या खालचा दिवस धरतात. त्या दिवशी रांग सुसह्य असावी, बाकी दिवशी यंत्रं निम्मी रिकामी फिरावीत, असा तो सौदा आहे. युरोपात हिवाळा आडवा येतो आणि बरीच उद्यानं पाच-सहा महिने कुलपात असतात. आपल्याकडं कोकणात पाऊस आडवा येतो. भुसावळात काय आडवं येईल हे सांगायला नको. पारा ४५ च्या पुढं गेलेला असताना लोखंडी पाळण्याला हात लावून बघावा.

सिनेमाचं अर्थकारण याच्या नेमकं उलट असतं. चित्रपटाचा खर्च एकदाच होतो, मग तो हजार गावांत एकाच शुक्रवारी जातो. आधी टॉकीज, मग टीव्ही, मग मोबाइल. प्रेक्षक जिथं असेल तिथं चित्रपट पोचतो. उद्यानाचं तसं नाही. ते जागेला खिळलेलं, आणि माणसानं त्याच्याकडं जायचं. लोकांनी 'शोले' दहा-दहा वेळा पाहिला, हे खरं. पण पाहिला तो गावातल्या टॉकीजमध्ये, बाल्कनी नाही तर स्टॉलचं तिकीट काढून. दहा वेळा चौघांचं बिऱ्हाड घेऊन चारशे किलोमीटर गेले नाहीत.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा आणि प्रामाणिक प्रयोग रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर झाला. प्रामाणिक म्हणतो, कारण करणारा माणूस नुसतं नाव विकणारा नव्हता. मनमोहन शेट्टी यांनी १९७८ मध्ये अ‍ॅडलॅब्स ही फिल्म प्रोसेसिंगची लॅब सुरू केली, पुढं मुंबईत वडाळ्याला आयमॅक्स उभारलं, लॅबचा धंदा २००५ मध्ये अनिल अंबानींच्या रिलायन्सला विकला, आणि सुमारे १,६०० कोटींचा डाव इमॅजिकावर लावला. एप्रिल २०१३ मध्ये उद्यान उघडलं. 'मिस्टर इंडिया'वरची राइड, अलिबाबा, सालिमगडचं भूतघर, नायट्रो नावाचा कोस्टर. पुढच्या वर्षी वॉटर पार्क. जागाही विचार करून निवडलेली: एका बाजूला मुंबई, दुसरीकडं पुणे.

मी गेलो तेव्हा कल्याणला उतरलो, लोकलनं कर्जतमार्गे खोपोली गाठली, तिथून पुढं रस्त्यानं. सोबत भाचा. पोरगं नायट्रोमधून उतरलं ते पांढरंफटक पडून, तरी पुन्हा रांगेत उभं राहिलं. काम चोख होतं, स्वच्छता होती, रांगा शिस्तीच्या. 'मिस्टर इंडिया'च्या राइडमध्ये मात्र गंमत दिसली. टाळ्या वाजवत होते ते पस्तिशीच्या पुढचे. चित्रपट १९८७ चा. भाच्यानं बाहेर आल्यावर विचारलं, "मामा, तो मोगॅम्बो कोण होता?" मी सांगितलं. सांगावं लागलं, हीच अडचण. चित्रपटाच्या नावाची राइड उभारायला काही वर्षं, फेडायला पंधरा-वीस वर्षं. तेवढ्यात लहान मुलांची अख्खी पिढी बदलते.

मार्च २०१५ मध्ये कंपनीनं समभाग विक्रीला काढले. प्रतिसाद इतका थंड की किंमतपट्टा खाली आणून मुदत वाढवावी लागली. बाजारानं आप्पांचाच प्रश्न विचारला होता. कर्ज हजार कोटींच्या वर, मग टाळेबंदीत दारं बंद, आणि २०२२ मध्ये कर्जाची फेरमांडणी होऊन इमॅजिका गेलं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं. गायछाप जर्दावाले मालपाणी, तेच. तळहातावर चुना मळणाऱ्या महाराष्ट्राच्या पैशानं मोगॅम्बोला तारलं, असं कुणी म्हटलं तर मी हसेन, पण खोडून काढणार नाही.

मालपाणींनी त्याआधी काय केलं होतं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी शिर्डीत वॉटर पार्क काढलं आणि शेजारी 'साई तीर्थ' नावाचं भक्तीचं थीम पार्क. शिर्डीला माणूस दुसऱ्यांदा येणार की नाही, हा प्रश्नच नसतो. तो नवस फेडायला येतो, मग नवा बोलायला येतो. दुपारी दर्शन झालं, गाडी रात्रीची आहे, पोरं कंटाळलीत. त्या चार तासांवर धंदा उभा केला. सवय आधीची, तिकीट नंतरचं.

खानदेशात ही अक्कल फार जुनी आहे. आखाजीच्या सुमारास गावोगावी बारागाड्या ओढल्या जातात, भगत अंगावर जू घेतो, आणि त्याच्या मागं आकाशपाळणा, मौत का कुआँ, बंदुकीनं फुगे फोडायचं दुकान, गोडीशेव आणि एकेकाळी तंबूतला सिनेमा. थंडीत दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारासोबत हेच सगळं, आणखी मोठ्या मापात. देव जागचा हलत नाही; पाळणा हलतो. चार-आठ दिवस जागेचं भाडं भरायचं, पिकाचा पैसा हातात असेल त्या दिवसांत कमवायचं, नट सैल करून ट्रकवर चढवायचं, की पुढच्या गावचा देव. रिकामा मंगळवार या पाळणेवाल्याच्या वाट्याला येतच नाही. त्याच्या पाळण्याची सुरक्षितता नायट्रोच्या जवळपासही नसते, हेही तितकंच खरं. मी भाच्याला नायट्रोत बसवलं, जत्रेतल्या त्या गंजक्या पाळण्यात बसू दिलं नाही.

मराठी माणसाच्या चित्रनगऱ्यांकडं आता वळलं पाहिजे, आणि तिथं हात जरा जड होतो. नितीन देसाईंनी कर्जतजवळ २००५ मध्ये एन.डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चा आग्र्याचा किल्ला तिथलाच. चित्रीकरण संपल्यावर सेट तोडायचे नाहीत, लोकांना तिकीट लावून दाखवायचे, ही कल्पना सुंदर होती. पण प्लॅस्टरचा किल्ला खऱ्या किल्ल्यापेक्षा लवकर म्हातारा होतो, आणि कर्जाचं व्याज सेटची डागडुजी संपायची वाट पाहत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये देसाई गेले, मागं अडीचशे कोटींच्या आसपास थकलेलं कर्ज ठेवून. ज्यांच्या हातात एवढी कला होती, त्यांना कुणीतरी मंगळवारचा हिशेब मांडून द्यायला हवा होता.

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेनं दादासाहेब फाळके स्मारक केलं, सुमारे २९ एकरांत, संगीत कारंज्यासह. सुरुवातीला गर्दी झाली, पुढं देखभालीचा खर्च उत्पन्नाच्या वर गेला. आमच्या बाजूला अजिंठ्याच्या फर्दापूर फाट्यावर जपानी कर्जातून अभ्यागत केंद्र झालं, चार लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृतींसह. वीज आणि पाण्याची बिलं थकली, केंद्र बंद पडलं. काही किलोमीटरवर दोन हजार वर्षांचं अस्सल उभं असताना प्रतिकृती बघायला पर्यटक एकदा तरी का थांबेल, हे कागदावर कुणी विचारलं होतं का कोण जाणे.

दुबईत तर सगळ्या हिंदी सिनेमाचंच उद्यान झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये 'बॉलीवूड पार्क्स' उघडलं. त्यात 'शोले' होता, 'लगान'चं चांपानेर होतं, 'डॉन', 'क्रिश', 'रा.वन', 'दबंग', आणि नाचगाण्यांसाठी राजमहाल नावाचं भव्य नाट्यगृह. आखातात लाखो भारतीय राहतात, मग गिऱ्हाईक कमी कसं पडेल? पण जो मजूर 'शोले' पाठ म्हणून दाखवेल त्याच्या खिशाला ते तिकीट परवडणारं नव्हतं, आणि ज्याला परवडत होतं तो सुट्टीत मुंबईला घरी जात होता. एप्रिल २०२३ मध्ये ते बंद झालं. शेजारचं लेगोलँड चालू राहिलं. लेगोचा ठोकळा कोणत्याही वर्षी जन्मलेल्या पोराला कळतो.

मग काय, शंका घेत बसायचं आणि काहीच उभारायचं नाही? तसंही नाही. फ्रान्समध्येच प्यूइ द्यू फू नावाच्या पडक्या गढीपाशी १९७८ मध्ये गावकऱ्यांनी रात्री आपल्याच मुलखाचा इतिहास खुल्या मैदानात नाटकासारखा सादर करायला सुरुवात केली. त्यातून उद्यान झालं. त्यात कोस्टर नाही, परका सिनेमा नाही, आणि लोक पुन्हा पुन्हा जातात.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. आता नोकरीला आहे, पास माझ्यासारखा त्यालाही नाही. इगतपुरीजवळ मुंढेगावला चित्रनगरी करायची चर्चा त्यानं कुठंतरी वाचली होती. "मामा, आपल्या लाइनवरच आहे. होईल का?" मी म्हटलं, शूटिंगसाठी होत असेल तर होऊ दे, डोंगर आहेत, पाऊस आहे, मुंबई दोन-तीन तासांवर आहे. तिकीट लावून दाखवायला होत असेल तर आधी दोन गोष्टी विचार: जमिनीत पैसा कुणाचा गेलाय, आणि मंगळवारी कोण येणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर सध्या इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ दिसतं. एप्रिल २०२५ मध्ये तिथं युनिव्हर्सलचं उद्यान जाहीर झालं, तेही जुन्या वीटभट्ट्यांच्या जागेवर. २०३१ मध्ये उघडायचं आणि वर्षाला ८५ लाख माणसं अपेक्षित. पण युनिव्हर्सलनं नाव भाड्यानं दिलेलं नाही. घोषणेच्या आधीच ४७६ एकर जमीन स्वतः विकत घेतली. स्वान्सकममध्ये हे झालं नव्हतं. आणि सरकारनं कबूल केलेल्या कामांत शेजारच्या विक्सम्स इथलं रेल्वे स्टेशन मोठं करण्याचं काम आहे.

भाच्याला तिथं कोणत्या चित्रपटाची राइड होणार याची उत्सुकता आहे. मी २०३१ मध्ये विक्सम्सचं टाइमटेबल बघणार. रविवारचं नव्हे, मंगळवारचं. रात्री उद्यान बंद झाल्यावर लंडनकडं जाणारी शेवटची गाडी किती वाजता आहे, आणि तिला डबे किती.